जिना धुण्याची पाळी

नेटी मकफेलबद्दल सांगायचं तर जिन्यापासून सुरुवात करायला हवी, कारण तिचं सगळं बरंवाईट त्या जिन्यातच झालं.

आमच्या जिन्याला एकोणचाळीस पायऱ्या. बोटीतून आमच्या बेटावर, रॉथसेच्या धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला लाल दगडाची जी इमारत दिसते, खाली बंद पडलेलं लोकरीचं दुकान असलेली, ती आमची. पहिल्या मजल्यावर मी राहते, नाव थेल्मा कर. माझ्या समोर ग्लासगोच्या कोणा दातांच्या डॉक्टरचं घर, तो वर्षातून चार दिवस येतो आणि नळ चालू ठेवून जातो. वरच्या मजल्यावर डावीकडे नेटी, उजवीकडे ऊना बॉइड. त्याच्यावर छप्पर, आणि छपराबद्दल न बोललेलंच बरं.

या जिन्यात एक कार्ड फिरतं. पोस्टकार्डाएवढं, जाड पुठ्ठ्याचं, वर गुलाबी दोरीचा फास. त्यावर छापलंय, ‘जिना धुण्याची पाळी आपली.’ शुक्रवारी आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या धुवायच्या, कोपरे ब्रशनं घासायचे, बादली ओतायची आणि कार्ड नेऊन समोरच्या दाराच्या मुठीला अडकवायचं. दार वाजवायचं नाही. अगदी नाही. कार्ड लावून वर दार वाजवलं की त्याचा अर्थ होतो, ‘ऊठ बाई, तुला सांगायला यावं लागतं.’ एवढ्यावरून आमच्याकडे बायकांचे अबोले झालेत. समोरचीनं संध्याकाळच्या आत कार्ड गुपचूप आत घ्यायचं आणि पुढच्या शुक्रवारी आपला हात फिरवायचा. ते बाहेरच लटकत ठेवलं तर तो उघड अपमान. म्हणजे, ‘नाही धूत जा, काय करायचं ते कर.’

नेटी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ठेंगणी, रुंद मनगटांची, बोलायला फटकळ. या बेटावरच्या अर्ध्या माणसांना तिनं डावानं खिमा आणि कस्टर्ड वाढलंय, त्यामुळे कोणी कितीही मोठा झाला तरी तिच्या लेखी तो ताटात गाजर टाकणारा पोरगाच. एकदा पोस्टात नगरपालिकेचे साहेब रांग मोडून पुढे घुसले. नेटी मागून म्हणाली, “डंकन, मागे हो. तेव्हाही असाच घुसायचास आणि मग वाटाणे टाकायचास.” साहेब कानापर्यंत लाल होऊन मागे गेले. सगळं पोस्ट हसत होतं, एक नेटी सोडून.

ऊना आणि ती दोघी नवऱ्यांसकट एकाच वर्षी इथं राहायला आल्या. नेटीला मूल नव्हतं, ऊनाचा फ्रेझर दोन्ही घरांत वाढला आणि तिला नेटीमावशी म्हणायला शिकला. नेटीचा सँडी आणि ऊनाचा बर्ट एकाच होडीतून मासे धरायला जायचे आणि बहुतेक वेळा नुसतेच परत यायचे. मी इथं आले तेव्हा त्या दोघींची दारं दिवसभर उघडीच असायची. एकीकडं पाव भाजला की दुसरीकडं लोणी निघायचं.

मग सँडी गेला. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात सोडायला आठ दोऱ्या असतात, आणि कोणती दोरी कोणाच्या हाती हे घरच्यांनी आधी ठरवून त्या त्या माणसाला चिठ्ठी द्यायची असते. तो मान असतो. नेटीनं आठ चिठ्ठ्या दिल्या. सँडीच्या भावांना, पुतण्यांना, गोदीतल्या मुकादमालासुद्धा. बर्टला द्यायची राहिली. चाळीस वर्षांचा दोस्त कबरीपाशी कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला आणि सगळ्या गावानं ते पाहिलं.

विसरली होती हो ती! नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं? पण ते तिनं बोलून दाखवलं नाही, कारण तिला वाटलं ऊनानं ते न सांगता समजून घ्यायला हवं. आणि ऊनानं विचारलं नाही, कारण तिला वाटलं नेटीनं आपणहून यायला हवं. पुढच्या वर्षी बर्टही गेला, तेव्हा तर वेळच टळून गेली. दोघी ‘नेटी’, ‘ऊना’च्या परत ‘मिसेस मकफेल’, ‘मिसेस बॉइड’ झाल्या. मी दोघींना सांगून पाहिलं. दोघींनी मला स्वतःचं काम बघायला सांगितलं.

अकरा वर्षं. अकरा वर्षं त्यांच्यात काही चालू होतं तर ते कार्ड. एक शुक्रवार हिचा, एक तिचा. ऊना आजारी असली की तिच्या पायऱ्या जरा घाईत धुतलेल्या असायच्या, मग नेटी माझ्या दारात येऊन उगाच पुटपुटायची, “मिसेस बॉइडना खोकला झालाय वाटतं. तू सूप केलंयस का?” मी म्हणायचे, “तू केलंयस ना? मग तू ने.” ती सुपाचं भांडं माझ्या टेबलावर ठेवून निघून जायची आणि ते मी वर न्यायचं. ऊनाही काही कमी नव्हती. ती सूप पिऊन म्हणायची, “मीठ जास्त आहे, थेल्मा. तुझ्या हातचं नाही हे.”

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी नेटीनं जिना धुतला आणि ऊनाच्या दाराला कार्ड लावलं. संध्याकाळी ते तिथंच. शनिवारी तिथंच. रविवारी तिथंच. मी त्या आठवड्यात गुडघ्यामुळं वर गेलेच नव्हते. सोमवारी सकाळी फ्रेझरचा अबर्डीनहून मला फोन, आई फोन उचलत नाही म्हणून. माझ्याकडे ऊनाची जादा चावी होती. ऊना खोलीच्या दारात पडलेली होती. पायात एक चप्पल.

डॉक्टर म्हणाले, झटका शुक्रवारी आला, आणि जीव शनिवारी रात्री कधीतरी गेला.

ऊनाला नेल्यानंतर नेटी वरच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला वाटलं माज आलाय तिला.”

“काय?”

“कार्ड आत घेतलं नाही. मला वाटलं, बघ कशी मस्ती आलीये, आता जिनासुद्धा धुवायचा नाही हिला. चार वेळा त्या दारावरून गेले मी, थेल्मा. शनिवारी दुपारी दूध घेऊन आले तेव्हा मुद्दाम पाय आपटत आले, तिला ऐकू जावं म्हणून.” मग माझ्याकडे वळली. “ऐकलं असेल का गं तिनं?”

मी म्हटलं, नाही, ती शुद्धीत नसणार. मला काय ठाऊक! पण दुसरं काय सांगणार?

“कोणाला बोलू नकोस,” ती म्हणाली. मी शब्द दिला आणि ती होती तोवर पाळला.

ऊनाचं घर विकायला निघालं. खिडकीखाली पाटी लागली. नेटीला त्या घरात माणूस हवा होता. भाडेकरू, मालक, पोरंबाळं, कुत्रा, काहीही, पण दारापलीकडे श्वास घेणारं कोणीतरी. घर बघायला कोणी बोटीनं येणार असलं की ती आदल्या दिवशी जिना सोड्यानं घासायची, पायऱ्यांच्या दोन्ही कडांना पांढऱ्या खडूची रेघ ओढायची, तिच्या आईच्या काळातल्यासारखी, आणि बरोबर त्या वेळेला स्कोन, आमचे छोटे गोड पाव, भाजायला घ्यायची, म्हणजे जिनाभर वास सुटेल. मग माणसं वर आली की दार उघडून विचारायची, “चहा घेणार का? मी इथंच समोर असते. काहीही लागलं तर इथंच असते.”

एक तरुण जोडपं जवळजवळ नक्की झालं होतं. ती परिचारिका, तो सुतार, पोटात बाळ. नेटीनं लोकर आणून विणायलासुद्धा घेतलं. मग छपराची तपासणी झाली आणि ते पळाले. चूक त्यांची नाही. आमच्या छपराचा अहवाल वाचून मीच पळाले असते, पण मी त्याच्याखालीच राहते. पाटी उन्हापावसानं पांढरी पडली. तीन वर्षं घर कोणी घेतलं नाही. या तीन वर्षांत नेटी एका आड एक शुक्रवारी ऊनाच्या दाराला कार्ड लावायची, शनिवारी ते स्वतःच काढायची आणि ऊनाच्या वाटणीचा जिनाही स्वतःच धुवायची.

मी एकदा वैतागून म्हटलं, “अगं, रिकाम्या घराला कसली पाळी लावतेस?”

“पाळी दाराची असते,” ती म्हणाली. “आणि मी बघते ना, कार्ड आत गेलं का ते.”

मी खाली येऊन चहा केला.

मागच्या वसंतात फ्रेझर आला. पन्नाशीचा, तेलाच्या विहिरीवर काम करणारा, मनानं वाईट नाही, पण सतत घड्याळ बघणारा. रिकाम्या घराला दुप्पट कर भरून तो टेकीला आला होता. म्हणाला, “विकलं जात नाही ना, मग पाहुण्यांना देतो. दोन रात्री, तीन रात्री. सगळे तेच करतायत. परवाना काढलाय.” आठ दिवसांत त्यानं घराचा रंग पार पालटला. भिंती राखाडी, पलंग राखाडी, उशा राखाडी. ऊनाचा गुलाबांच्या नक्षीचा गालिचा कचऱ्याच्या डब्यात गेला. भिंतीवर बारशिंग्याचं चित्र लावलं. ऊना असती तर म्हणाली असती, हा कोण मेला माझ्या घरात घुसलाय?

“नेटीमावशी,” फ्रेझर म्हणाला, “चादरी बदलायच्या, थोडं झाडायचं, चाव्या द्यायच्या. करशील? तुझ्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवू?”

नेटी म्हणाली, “करते. पण दाराची पितळी मूठ काढायची नाही.”

“त्या जागी आकड्यांचं कुलूप लावणार होतो गं मी.”

“मूठ राहील तर मी राहीन.”

तो हसला. म्हणाला, राहू दे तुझी मूठ.

नेटी पुन्हा माणसात आली, खरं सांगते. सकाळी बोटीचा भोंगा वाजला की ती खिडकीत. पाहुणे आले की चाव्या, नकाशा, आणि तिनं घरी केलेल्या साखरेच्या वड्यांची पुडी. आणि रोज सकाळी नवाच्या ठोक्याला ती त्यांच्या दारावर दोनदा टकटक करायची. “सगळं ठीक ना? बरे आहात ना दोघं?” आतून कोणी ‘हो’ म्हटलं की झालं, दार उघडायचीही गरज नाही. ‘हो’ ऐकलं की तिचे खांदे खाली यायचे. मी जिन्यात उभी राहून ते पाहिलंय.

पण लोक सुट्टीवर आलेले. त्यांना नवाला उठायचं नसतं. पाहुणे गेले की इंटरनेटवर अभिप्राय लिहितात आणि तारे देतात, परीक्षेचे गुण द्यावेत तसे. एकानं लिहिलं, ‘घर सुंदर, समुद्र समोर, पण शेजारची म्हातारी रोज सकाळी दार ठोठावते.’ दुसरीनं लिहिलं, ‘आपल्यावर कोणी पहारा ठेवल्यासारखं वाटतं.’ फ्रेझरनं फोन केला. नेटी फोन कानाला न लावता, आवाज मोठा करून टेबलावर ठेवूनच बोलायची, त्यामुळे शेजारी बसलेल्या मलाही सगळं ऐकू आलं.

“मावशी, लोक आरामाला येतात, हजेरी द्यायला नाही.”

“मी फक्त विचारते बरे आहेत का.”

“बरेच असतात गं! तिशीतली धट्टीकट्टी माणसं, त्यांना काय होणार आहे?”

 मी खुणेनं सांगत होते, सांग, सांग त्याला. तिनं मानेनंच नाही म्हटलं. “बरं,” ती म्हणाली, “नाही वाजवत.” पण दुसऱ्या दिवशी नवाला तिचा हात गेलाच. तारे आणखी कमी झाले. ऑगस्टमध्ये फ्रेझरनं पलीकडच्या किनाऱ्यावरची साफसफाईवाली कंपनी लावली, खालच्या दाराशी आकड्यांची चावीपेटी बसवली, आणि घरात टेबलावर एक छापील कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं, ‘शेजारी वयस्कर बाई राहतात. कृपया त्यांना त्रास देऊ नये. काही लागल्यास या नंबरवर फोन करावा.’

वाईट हेतू नव्हता त्याचा. मावशीला दगदग नको, असंच त्याला वाटलं असणार. मूठ मात्र त्यानं कबूल केल्याप्रमाणे ठेवली.

नेटीनं हाय खाल्ली. घराबाहेर पडायची ती शुक्रवारी, कार्डापुरती. पाहुणे दोन-तीन दिवसांचे, म्हणून ऊनाच्या पाळीचं कार्ड ती आता त्याच दिवशी सकाळी लावायची. पाहुणे कार्डाबरोबर फोटो काढायचे. एका बुवानं ते गळ्यात अडकवून फोटो काढला आणि बायको खिदळत होती. नेटी दाराच्या फटीतून बघत होती. ते फिरायला गेल्यावर तिनं कार्ड पुसलं, पायऱ्या धुतल्या आणि मला म्हणाली, “हसत होते. म्हणजे बरे आहेत.”

आता ऑक्टोबरचं सांगते. इथून पुढं मला सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं.

बेल्जियमचं एक नवराबायकोचं जोडपं आलं. साठीच्या आतबाहेरचे, घडीच्या सायकली घेऊन. बाई, लिस्बेट नाव, शुक्रवारी सकाळी हातात कार्ड घेऊन माझ्या दारी आली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? आम्ही काही चुकलो का?

मला गंमत वाटली. म्हटलं, “चुकला नाहीत. आज जिना तुम्ही धुवायचा आहे.”

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं परत कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाही वर सारली. “बादली कुठंय?”

अहो, मी तर बघतच राहिले! मी तिला माझी बादली, ब्रश, सोडा सगळं दिलं. वरपासून खालपर्यंत दोघांनी मिळून जिना धुतला, नवरा गुडघ्यावर बसून कोपरे घासत होता. साडेतीन वर्षांत उजव्या दारानं पहिल्यांदा आपली पाळी केली होती. मला वाटलं, नेटीला काय आनंद होईल! मी लिस्बेटला म्हटलं, “आता हे कार्ड समोरच्या दाराला अडकवा.”

“आणि दार वाजवून सांगू का त्यांना?”

“नाही, नाही,” मी म्हणाले. “दार वाजवायचं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.”

हे माझे शब्द. याच तोंडानं बोलले मी.

शनिवारी सकाळी मी मुलीकडे ग्रीनॉकला जायला निघाले होते. बॅग दारात ठेवून, धुतलेला जिना बघायला म्हणून वर डोकावले. नेटीच्या दाराच्या मुठीला कार्ड तसंच लटकत होतं. मी हसले. मनात म्हटलं, बघा म्हातारी! आता मिरवायला बाहेर ठेवलंय, सगळ्या जगानं बघावं म्हणून. सोमवारी आल्यावर चांगली चिडवते हिला. तेवढ्यात धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला आणि मी गुडघा सांभाळत पळत सुटले.

रविवारी बेल्जियमचे लोक गेले. त्यांनी कार्ड पाहिलं असेल, टेबलावरचा कागदही वाचला असेल. त्यांना कशाला बोल लावू?

सोमवारी दुपारी मी परत आले. कार्ड तिथंच. आणि तेव्हा, त्या पायरीवर, मला ऊनाचं दार आठवलं. नेटीचीही जादा चावी माझ्याकडे असायची, ती आणून दार उघडलं.

नेटी दाराच्या आतच पडलेली होती, उंबऱ्यापासून दोन हातांवर. कमरेचं हाड मोडलेलं. ओठ फुटलेले, अंग गार. पण डोळे उघडे. मला बघून काहीतरी बोलायला गेली, पण घसा पार बसला होता.

हेलिकॉप्टरनं तिला पलीकडच्या इस्पितळात नेलं. मी रोज सकाळच्या बोटीनं जायचे. तिसऱ्या दिवशी आवाज थोडा फुटला, तेव्हा तिनं सांगितलं. शुक्रवारी ती आत खुर्चीत बसली होती. जिन्यात ब्रशचा आवाज आला. आधी तिला वाटलं मी असेन, पण माझा हात ती ओळखते, मी घाई करते. हा कोणाचा तरी नीट हात होता. मग मुठीला दोरी घासल्याचा आवाज आला. ती म्हणाली, “मी उठले घाईनं. म्हटलं चटकन आत घ्यावं. बाहेर लटकत राहिलं तर त्यांना वाईट वाटेल ना? दारातल्या त्या चटईत पाय अडकला. हाक मारली, पण तोवर ते सायकली घेऊन खाली गेले होते.”

मी तिचा हात धरून बसले होते. 

“कोणी धुतला गं?”

“ते बेल्जियमचे. दोघांनी मिळून.”

“कोपरे?”

“कोपरेसुद्धा. नवरा गुडघ्यावर बसून घासत होता.”

तिनं डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. “ऊना नेहमी कोपरे सोडायची,” ती म्हणाली. मिसेस बॉइड नाही म्हणाली, ऊना म्हणाली.

आणखी आठ दिवस ती होती. त्या आठ दिवसांत मी तिनं एक गोष्ट विचारायची वाट बघत होते. कार्ड बाहेर लटकत होतं, थेल्मा, तू पाहिलंस, मग दार का नाही वाजवलंस? तिनं विचारावं, मला शिव्या द्याव्यात, तिच्या त्या मोठ्या डावानं डोक्यात हाणावं. मी बोलायला लागले की ती माझा हात थोपटायची आणि विचारायची, बोट वेळेवर होती का, तू जेवलीस का. तिला ठाऊक होतं. हे ओझं काय असतं ते आमच्या जिन्यात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच तिनं विचारलं नाही. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. मी तेव्हा बोटीत होते.

पुरताना मला एक दोरी मिळाली, पायाकडची. फ्रेझरला डोक्याकडची. तो लहान पोरासारखा रडला.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. नेटीचं घर तिच्या भाचीनं विकायला काढलंय, कोणी घेईना, तेव्हा तेही तोच चालवायला घेतोय. साफसफाईवाल्या कंपनीचे फार नखरे आहेत. “थेल्मामावशी, तू बघशील का दोन्ही घरं? चाव्या, चादरी. तू जिन्यातच आहेस म्हणून विचारतो.”

“बघते,” मी म्हटलं. “पण तो टेबलावरचा कागद फाडून टाक आणि नवा छाप. त्यात लिही की रोज सकाळी नऊला खालच्या बाई येऊन दार वाजवतील, आणि आतून ‘हो’ आल्याशिवाय जाणार नाहीत. आणि तुम्हालाही त्या दिसल्या नाहीत, तर तुम्ही खाली जाऊन त्यांचं दार वाजवायचं.”

तो मग म्हणाला, “मावशी, तारे जातील.”

“जाऊ देत.”

“पण कारण काय लिहू?”

“लिही, की या जिन्यात तशी पद्धत आहे.”

“अशी पद्धत कुठं होती? मी तिथंच वाढलो. आई तर कधी कोणाचं दार...”

“नव्हती,” मी म्हटलं. “आता आहे.”